हापूसची कलमे आणि कलम ५२

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. आमच्या कोकणातल्या गावच्या देवस्थानाची हापूसची बाग विकायची आहे. चाळीस कलमं, गडगा ढासळलेला, पाण्याची बोंब आणि वर माकडं. ठरवलेल्या किमतीला गिऱ्हाईक मिळत नाही. बाबा म्हणाले, "आपण त्यावर पन्नास हजार जास्त देऊ. देवाचा फायदाच आहे." अडचण एकच, बाबा स्वतः देवस्थानाचे विश्वस्त आहेत. पण तोडगा तयार होता. "तुझ्या नावावर घेऊ. तू तर मस्कतला असतोस."

मी भूजलावर संशोधन करतो. डॉक्टरेट जर्मनीत झाली आणि नोकरीने ओमानला आणलं. इथे कामाच्या निमित्ताने फलज बघायला फिरावं लागतं. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने गावापर्यंत आणणारा पाट. (निझव्याच्या फलज दारिससह असे पाच पाट २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले.) गावकऱ्यांचा हिस्सा लिटरमध्ये नसतो, वेळेत असतो. पूर्वी ती वेळ दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत, आता मनगटावरच्या घड्याळावर. पाण्याच्या काही पाळ्या खुद्द फलजच्या मालकीच्या असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून पाटाची डागडुजी होते. कारभार बघणाऱ्याला म्हणतात वकील. शब्द तोच, आपल्याकडे मात्र तो काळा कोट घालून आला!

एका गावात मी असा लिलाव पाहिला. सगळे गोल बसलेले, बोली मोठ्याने, नोंद सगळ्यांदेखत. विकणारा कोण, घेणारा कोण, हे तिथल्या पोरालाही दिसत होतं. आमच्या बागेत नेमकं तेच दिसणार नव्हतं. दोन्हीकडे बाबाच.

मग मी जरा कायदा वाचला. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचं कलम ५२ सांगतं, की मालमत्ता विकणं हे ज्या विश्वस्ताचं काम, त्याने ती प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष स्वतः घ्यायची नाही. हा कायदा खाजगी न्यासांचा, देवस्थानाला तो जसाच्या तसा लागू नाही. तिथे १९५० चा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. पण तत्त्व एकच. आणि 'अप्रत्यक्ष' ह्या शब्दात मुलगा बसतोच, मस्कतला असला तरी.

ह्या तत्त्वाचा जुना खटला १७२६ चा, इंग्लंडमधला. रॉमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपण्याआधी मालकाने मुलाला नवा पट्टा द्यायला साफ नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. मुलाला तो मिळणारच नव्हता, म्हणजे त्याचं नुकसान शून्य! तरी न्यायालयाने पट्टा आणि नफा दोन्ही मुलाला द्यायला लावलं. कारण सरळ आहे. नकार मिळाल्यावर विश्वस्ताचा फायदा होणार असेल, तर नकार मिळू नये म्हणून तो कितपत झटेल?

मला आधी हे फार कडक वाटलं होतं. खेड्यात विश्वस्त होणार कोण? ज्याला चार पैसे आणि चार माणसं आहेत तोच. त्यालाच बंदी घातली तर बाग ओस पडायची. पण बाबांना मी विचारलं, "गिऱ्हाईक नाही म्हणता, तर तुम्ही किती जणांना सांगितलंत?" बाबा थांबले. "तसं चौघांना," म्हणाले. बाबा लबाड नाहीत. देवळाच्या तेलाचे पैसे कितीदा त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेत. पण बाग आपल्याला हवी असं मनात आल्यावर पाचव्या माणसाकडे जायला पाय उचलला नाही, एवढंच.

मी पैसे पाठवणार नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, "आणि राजीनामा देऊन घेतली तर?" घेण्यासाठीच दिलेला राजीनामा चालत नाही, हेही मी वाचून ठेवलं होतं. फोन ठेवला त्यांनी.

आठवडाभर आईच बोलत होती. काल बाबांनी स्वतः फोन केला. जाहिरात रत्नागिरीच्या पेपरात द्यावी की मुंबईच्या, विचारत होते. मी म्हटलं, दोन्हीकडे द्या.