क्लायंट घाईत आहे!

'क्लायंट रिलेशनशिप' म्हणजे काय, तर क्लायंट काहीही मागो, अकाउंट मॅनेजरने 'हो' म्हणायचं आणि पोरांनी शनिवार-रविवार जाळायचे. धन्य!

आमच्या दहिवलीशेजारी कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक एक्सप्रेसना मागून बँकर इंजिनं लावतात. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ, इलाजच नाही. तोवर प्रवासी निवांत वडा खातात, कुणी रुसत नाही. आमचे साहेब तिथे असते तर म्हणाले असते, "क्लायंट घाईत आहे, बँकर राहू दे!"

२०२३पासून सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय चढते, कबूल. पण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत हो! इथे तीन महिन्यांचं काम सहा आठवड्यांत कबूल झालंय. माणसं कुठायत विचारलं, तर म्हणे "मॅनेज करा".