हिवतापाची गोळी आणि डोळ्यांची राखण

माणिकगडच्या डोंगरांतील जिवतीकडे हिवतापाच्या गोळीची ओळख कोणास करून द्यावी लागत नाहीं. क्लोरोक्विन तीनच दिवस घ्यावयाचें असतें, त्यानें डोळ्यांस भय नसतें. परंतु त्याच कुळांतील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें औषध ल्यूपस नांवाच्या व्याधींत वर्षानुवर्षें घ्यावें लागतें, आणि तेथें प्रश्न निराळा होतो.

ह्या व्याधींत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहा रोग्यांत सुमारें नऊ स्त्रिया, त्याही बहुधा ऐन संसाराच्या वयांतल्या. १९५१ सालीं पेज नांवाच्या डॉक्टरांनीं हिवतापावरील मेपाक्रिननें अशा रोग्यांस गुण आल्याचें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून ही औषधें इकडे वळलीं.

डोळे कोरडे पडून खुपणें ही नित्याची तक्रार. तीस कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. दृष्टि एकाएकीं मंदावली तर मात्र नेत्रपटलाच्या रक्तवाहिन्यांवर घाला पडला असण्याचा संभव असतो; त्या वेळीं एक दिवसही दवडूं नये. स्टेरॉइडनें मोतीबिंदू व काचबिंदू होऊं शकतो, तरी लोक त्यास भितात कमी आणि ह्या गोळीस अधिक, हें नवलच!

गोळीचा धोका खरा आहे. पण तो मात्रेवर आणि मुदतीवर अवलंबून असतो. दर किलो वजनास रोज ५ मिलिग्रॅमच्या आंत मात्रा असल्यास पहिल्या पांच वर्षांत नेत्रपटलाची हानि शेंकड्यास एकाहूनही कमी जणांस होते, दहा वर्षांत दोहोंहून कमी. वीस वर्षांनीं मात्र सुमारें वीस जणांस. चाळीस किलो वजनाच्या बाईस २०० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरे. दोन झाल्या तर मात्रा दुप्पट होते. झालेली हानि भरून येत नाहीं, आणि आरंभीं ती रोग्यास जाणवतही नाहीं.

म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी सोडूं नये. सोडल्यास व्याधि उसळून मूत्रपिंडांसही गांठते. पहिल्या वर्षांत एकदां आणि पांच वर्षांनंतर दरसाल दृष्टिक्षेत्राची व नेत्रपटलाच्या थरांची यंत्रानें तपासणी करवावी. शिबिरांत चष्म्याचा नंबर काढणें म्हणजे ही तपासणी नव्हे. तीसाठीं गडचांदूर-राजुऱ्यावरून चंद्रपूर, प्रसंगीं नागपूर गांठावें. मूत्रपिंडें दुबळीं असल्यास पांच वर्षें न थांबतां पहिल्यापासूनच दरसाल जावें.