नातवंडांपायी परदेशी

मुलीला किंवा सुनेला परदेशात दिवस गेले, की पुण्या-ठाण्याच्या घरांत डिंकाच्या लाडवांआधी व्हिसाचा विषय निघतो. आधी मुलीची आई सहा महिने, ती परतली की मुलाचे आईवडील, अशा पाळ्या लावून बाळाचे पहिले वर्ष निभावणारी मराठी कुटुंबे अमेरिकेत कितीतरी आहेत. यात माया आहे तशी नडही आहे. तिथे पगारी बाळंतरजेचा देशव्यापी कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सहसा ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी. मग आईला बोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आई जाते ती बी-२ व्हिसावर. हा व्हिसा भेटीसाठी आहे, कामासाठी नाही. आजीने नातवाला न्हाऊमाखू घालणे ही नोकरी नव्हे, हे कुणालाही पटेल. पण पाळणाघराचे पैसे वाचावेत म्हणून तिला ठरवून आणले आहे असे दिसले, तर विमानतळावरचा अधिकारी त्याला काम म्हणू शकतो. हातात पैसे पडत नाहीत, एवढ्यावर सुटका होईलच असे नाही. २०२५ मध्ये एका ब्रिटिश तरुणीने घरकामाला हातभार लावण्याच्या बदल्यात एका कुटुंबाकडे राहायचे ठरवले होते. कॅनडाने तिला सीमेवरून परत पाठवले आणि अमेरिकेने जवळजवळ तीन आठवडे कोठडीत ठेवले. म्हणून काही एजंट ‘बाळाचे नावच काढू नका’ असे पढवतात. तो सल्ला आम्हाला धोक्याचा वाटतो. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. नातवंडाला भेटायला चाललो आहोत, अमुक तारखेला परतणार आहोत, हे खरे असावे आणि तसेच सांगावे.

दुसरा घोळ मुदतीचा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचे ते आय-९४ नोंदीतली तारीख ठरवते. बहुधा सहा महिने. वाढ हवी तर ती तारीख उलटण्याआधी अर्ज करावा लागतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांवर गेला तर परतल्यावर तीन वर्षे, वर्षावर गेला तर दहा वर्षे प्रवेश मिळत नाही.

कायमचे बोलावण्याचा मार्ग आहे, पण तो अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या, २१ वर्षांवरील मुलामुलींनाच. ग्रीनकार्डधारकालाही आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. एच-१बी वर गेलेले आपले बहुतेक तरुण तर ग्रीनकार्डाच्या रांगेतच वर्षानुवर्षे अडकलेले असतात. मूल वाढवायची आणि आईच्या मदतीची वर्षे त्याच रांगेत सरतात. खरा अन्याय इथे आहे.

कॅनडाने ही गरज ओळखली. २०११ पासूनच्या तिथल्या सुपर व्हिसावर नागरिकांचे व कायम रहिवाशांचे आईवडील आणि आजी-आजोबा २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. मुलाचे उत्पन्न ठरावीक पातळीचे लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमाही. मावशी, बहीण यांना मात्र हा व्हिसा नाही. ब्रिटनमध्ये नातेवाइकाने भेटीच्या व्हिसावर येऊन मूल सांभाळायला हरकत नाही, असे तिथल्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. भेट थोडक्या दिवसांची हवी आणि त्याला नोकरीचे रूप येता कामा नये. नियम इतका स्पष्ट असला की म्हाताऱ्या माणसाला काउंटरवर चाचरत उभे राहावे लागत नाही. अमेरिकेनेही निदान एवढे लिहून द्यावे.

अमेरिकेच्या बी-२ ला विमा सक्तीचा नाही, म्हणून तो नेमका राहून जातो. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत घेऊन निघालेल्या आईची पॉलिसी काढताना आधीपासूनच्या आजारांचे कलम शब्दन्‌शब्द वाचा. बऱ्याच स्वस्त पॉलिसी तिथेच हात वर करतात. आणि तिकीट काढण्याआधी तिलाही विचारा. गाडी चालवता येत नाही, बोलायला शेजारीण नाही, बाहेर बर्फ, अशा घरात दिवसभर तान्ह्या बाळाबरोबर सहा महिने काढायची तिची तयारी आहे का, हे अनेक घरांत कुणी विचारलेलेच नसते.