एका फ्लॅटमध्ये दोन तलवारी

‘एकटीला कंटाळा येत असेल गं तिला. अजून एक आणा, कंपनी होईल.’

आपल्याकडे हे वाक्य आधी मुलांच्या बाबतीत ऐकवतात आणि मूल नसेल तर कुत्र्याच्या बाबतीत. ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी आठची लोकल, परत यायला रात्रीचे आठ. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं बसलेलं कुत्रं बघून कुणालाही गलबलून येईल. आमच्या खारघरमध्ये तर अशी घरं ढिगानं आहेत. संध्याकाळी सेंट्रल पार्कच्या बाहेर जरा वेळ उभं राहा. दोन हातांत दोन पट्टे आणि दोन दिशांना ओढला जाणारा मालक हमखास दिसेल.

पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. दोन कुत्री एकमेकांची कंपनी होतीलच असं नाही. आणि झाली, तरी ती कायम टिकेल असंही नाही. दीड-दोन वर्षं एकाच चटईवर झोपणारी जोडी एक दिवस एकमेकींच्या नरडीचा घोट घ्यायला निघते.

आमच्या घरी हेच झालं. राणी सात वर्षांची लॅब्रेडॉर, नवऱ्याची, म्हणजे लग्नाआधीपासूनची. चटणी दोन वर्षांची, जन्मानं सेक्टर बाराची, अस्सल गावठी आणि माझी. दीड वर्ष दोघींचं मस्त चाललं होतं. मग जुलैमधल्या एका संध्याकाळी बेल वाजली, दोघी एकदम दाराकडे धावल्या, अरुंद पॅसेजमध्ये एकमेकींवर आदळल्या आणि पुढची वीसेक सेकंद नुसता आवाज. राणीचा कान फाटला, चटणीच्या पायाला दोन भोकं. नवऱ्यानं बाथरूममधली बादली आणून ओतली तेव्हा कुठे सुटल्या.

खरं टेन्शन त्यानंतर सुरू झालं. राणी किचनच्या ओट्याखालून बाहेर येईना. आई फोनवर म्हणाली, ‘अगं, सवती झाल्यात त्या. एकीला देऊन टाका कुणाला तरी.’ नवऱ्याच्या मते देऊन टाकायची ती अर्थातच चटणी. माझ्या मते अर्थातच नाही. म्हणजे घरात आता दोन भांडणं होती, एक कुत्र्यांचं आणि एक आमचं. दोन्हींत एकच प्रश्न, सुरुवात कुणी केली?

हा प्रश्नच बाद आहे, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. कुत्र्यांच्या भांडणात व्हिलन शोधायचा नसतो, ट्रिगर शोधायचा असतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास केला होता. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या. भांडण उकरून काढणारं कुत्रं बहुतेक वेळा वयानं लहान किंवा घरात नंतर आलेलं होतं. आणि ठिणगी कशावरून? मालकाचं लक्ष, खाणं, कुठूनतरी सापडलेली वस्तू आणि नुसती एक्साइटमेंट. बेल वाजणं म्हणजे यातल्या दोन गोष्टी एकदम. आमचं घर पुस्तकातल्या उदाहरणासारखं निघालं, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

सोसायटीतल्या एका काकांचा फंडा वेगळा होता. ‘त्यांचं त्यांना ठरवू द्या. एकदा बॉस कोण ते ठरलं की शांत होतील.’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगते. टोळीत एक ‘अल्फा’ लांडगा असतो आणि तो मारामारी करून वरचा नंबर मिळवतो, ही कल्पना मुळात पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी असलेल्या लांडग्यांवरून आली. डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. पुढे त्याच मेकनं जंगलातल्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ साली लिहिलं की लांडग्यांची टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून तो वर्षानुवर्षं प्रकाशकाच्या मागे लागला होता, ते २०२२ साली बंद झालं. काकांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. कुत्र्यांचं ‘त्यांचं त्यांना’ ठरेपर्यंत एखादीचा डोळा जाऊ शकतो, बॉस!

आग लागली तर

भांडण चालू असताना हात मध्ये घालू नका. मानेचा पट्टा धरायचा मोह सगळ्यांना होतो आणि चावे तिथेच बसतात. त्या क्षणी कुत्रं तुम्हाला ओळखत नसतं. पाणी ओता, ताटं आपटा, जाड चादर टाका, मध्ये प्लायचा तुकडा किंवा खुर्ची सरकवा. घरात दोन माणसं असतील तर एकेकानं एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून एकाच वेळी मागे ओढायचं. एकट्यानं हा प्रयोग करायचा नाही. आणि मारायचं तर अजिबात नाही, त्यानं आग भडकतेच.

सुटल्या की लगेच दोन वेगळ्या खोल्या, दार बंद. ‘सॉरी म्हण तिला’ म्हणत तोंडाला तोंड लावायला जाऊ नका. मग जखमा बघा. दातानं पडलेलं भोक वरून टाचणीएवढं दिसतं, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असू शकते आणि दोन-तीन दिवसांनी पू होतो. त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर. घरातली आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ती घातक असते. तुम्हाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद नको, चुना नको, तिखट तर नकोच. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवा.

रात्री-अपरात्री कुठे जायचं हे आधीच माहीत करून ठेवा. खारघरहून परळ काही जवळ नाही, पण तिथे १८८६ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जनावरांचं बाई साकरबाई हॉस्पिटल आहे. महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. मात्र जवळचा रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, हे बिल्डिंगमधल्या कुत्रेवाल्यांना विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा.

नंतरचे दोन महिने

आधी दोन्ही कुत्र्यांची तपासणी. सांधे, दात, कान, थायरॉइड. दुखणारं कुत्रं चिडकं होतं आणि ते सांगू शकत नाही. आमच्या राणीचं मागचं कंबरडं दुखत होतं. चटणी अंगावर आदळली की तिला कळ यायची. म्हणजे जिला आम्ही दोघंही बिचारी समजत होतो, तिनंही भांडणाला हातभार लावला होता आणि तिच्याकडे त्याचं कारणही होतं. त्या रिपोर्टनं आमच्या घरातलं दुसरं भांडण निम्मं मिटवलं.

मग वेळापत्रक. पहिले आठ-दहा दिवस दोघींची गाठच नाही. एक बेडरूममध्ये, एक हॉलमध्ये, दुपारी अदलाबदल. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, खेळणी आणि हाडं कपाटात. त्यानंतर फक्त बाहेर भेट. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये रस्त्याची रुंदी, दोघी एकाच दिशेनं चालणार. रोज थोडं अंतर कमी. पहाटे सेंट्रल पार्कच्या बाजूला आमचा हा पायी मोर्चा बघून मॉर्निंग वॉकवाले आजोबा विचारायचे, ‘भांडण झालंय का तुमचं?’ ते आमच्याबद्दल विचारायचे. आम्ही हो म्हणायचो.

घरातली भेट त्याच्याही नंतर, दोघींना पट्टे लावून. जाळीच्या मझलची सवयही लावली, आत बिस्किट ठेवून, हळूहळू. आणि एक नियम कायमचा. बसल्याशिवाय काही मिळणार नाही, आणि जे मिळेल ते आधी राणीला. टफ्ट्सच्या त्या जोड्यांनाही असेच नियम लावले होते आणि बहुतेक मालकांनी फरक पडल्याचं सांगितलं होतं.

आमच्याकडेही फरक पडला. मैत्री नाही झाली, हेही सांगते. दोघी एका हॉलमध्ये दोन टोकांना झोपतात. बेल वाजली की चटणी आपणहून बेडरूममध्ये जाते, कारण तिथे तिला बिस्किट मिळतं. आम्ही दोघं घराबाहेर असलो की मधलं दार बंद. आधी मला हे फार दुःखाचं वाटायचं. आता वाटतं, अंतर ठेवून शांत राहणं हेही काही कमी नाही. ऑफिसात आपण दुसरं काय करतो?

प्रत्येक घरात एवढंही जमतंच असं नाही. चावे पुन्हा पुन्हा होत असतील, प्रत्येक वेळी आधीपेक्षा खोल जात असतील, घरात रांगतं मूल असेल किंवा एक कुत्रं चोवीस तास भीतीत जगत असेल, तर एकीला दुसरं चांगलं घर शोधणं हा पराभव नव्हे. फक्त ते घर शोधा, तिथे जाऊन या आणि भांडणांची हकीकत न लपवता सांगा. ‘गावठी आहे, राहील रस्त्यावर’ म्हणून खाली सोडून येणं हा पर्याय नाही. खाण्यापिण्याचे हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला सोडणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि सोफ्यावर वाढलेलं कुत्रं गल्लीतल्या टोळीपुढे एक रात्र टिकत नाही.

दुसरं कुत्रं आणायच्या विचारात असाल तर जरूर आणा. जात, रंग, नाव, सगळं आवडीनं ठरवा. त्याआधी फक्त एक करा. आपल्या फ्लॅटमध्ये नीट बंद होणारी दारं किती आहेत, ते मोजा.