काडतुसांचे चलन

नागपूरची मेट्रो ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाली, त्याच्या तीनच आठवडे आधी ‘मेट्रो एक्सोडस’ हा संगणकीय खेळ बाजारात आला. पण या योगायोगापलीकडे आपल्या खांबांवरून धावणाऱ्या गाडीचा आणि अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारांत तग धरून राहिलेल्या त्या खेळातील काल्पनिक माणसांचा काडीचाही संबंध नाही. तथापि, ज्यात बंदूक आहे असा प्रत्येक खेळ एकाच फर्मानाने हद्दपार करावा, असा आग्रह धरणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी याच मालिकेतील २०१० चा ‘मेट्रो २०३३’ एकदा मुलाशेजारी बसून पाहावा, अशी माझी शिफारस आहे. त्यात अस्सल लष्करी काडतुसे हेच चलन असल्यामुळे त्यांतले एक झाडणे म्हणजे स्वतःचीच तिजोरी रिकामी करणे होय. विषारी हवेत मुखवट्याची गाळणी किती वेळ पुरेल ते मनगटावरचे घड्याळ सांगते, मुखवट्याच्या काचेला तडे जातात, आणि भिकाऱ्या पोराला दिलेल्या काडतुसाचीही गुप्त नोंद होऊन तिचा कथेच्या अखेरीवर परिणाम होतो. (आमच्या शाळेतील मूल्यशिक्षणाच्या तासाला एवढी अक्कल नव्हती!) शिवाय ही कथा वास्तवापासून फार दूर नाही: खेळाचे कर्ते युक्रेनमधील कीव्हचे, मूळ कादंबरीकार ग्लुखोव्स्की रशियन, २०२२ साली रशियाने हल्ला केल्यावर कीव्हचे नागरिक खरोखरच मेट्रोच्या स्थानकांत आश्रयाला उतरले, आणि या युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल त्या लेखकाला २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत ८ वर्षांची शिक्षा फर्मावली. खेळाला १७ वर्षांची वयोमर्यादा आहे. तिचा अंमल पालकांनी घरातच करावा, सरकारी बंदीची तजवीज नको.