कठीण विषयांची मक्तेदारी

अमेरिकेतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे बारावीत, कोणते विषय घ्यावेत हा वरवर पाहता सतरा वर्षांच्या मुलाचा आणि त्याच्या पालकांचा खासगी प्रश्न आहे. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही दरवर्षी या प्रश्नाने बेचैन होतात. हार्वर्ड, येल, एमआयटी यांसारख्या विद्यापीठांत प्रवेश हवा असेल तर शाळेत उपलब्ध असलेले सर्वांत कठीण विषय घ्या, शेवटच्या वर्षी सैल पडू नका, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. उपदेश व्यवहारी आहे, खोटाही नाही. परंतु त्यातील ‘उपलब्ध असलेले’ या दोन शब्दांत एका वर्गीय समाजाचे गुपित दडलेले आहे.

प्रथम या व्यवस्थेची यंत्रणा पाहू. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे महाविद्यालयाच्या तोडीचे विषय हायस्कूलमध्येच शिकविण्याची योजना. ती १९५० च्या दशकात सुरू झाली आणि आज ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था ती चालविते. मे महिन्यात परीक्षा होते, १ ते ५ असे गुण मिळतात. गंमत अशी की, बारावीच्या या परीक्षांचा निकाल जुलैत लागतो आणि नामांकित विद्यापीठे आपले निर्णय मार्चअखेरपर्यंत जाहीर करून मोकळी होतात. म्हणजे शेवटच्या वर्षापुरते बोलायचे तर, या परीक्षेत मुलाने काय मिळविले यापेक्षा त्याने कोणते विषय घेतले ही यादीच आधी तोलली जाते. शाळेचा समुपदेशक विद्यापीठाला जे पत्रक पाठवितो, त्यातही या विद्यार्थ्याची विषयनिवड शाळेतील इतरांच्या तुलनेत किती कठीण होती, असा प्रश्न असतो. ‘सर्वांत कठीण’ हा शेरा मिळविण्यासाठी मग पाच-पाच, सहा-सहा जड विषयांचे ओझे उचलले जाते.

आता हे ओझे उचलण्याची संधी कोणाला मिळते? अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार, ज्या हायस्कुलांत कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे, त्यांपैकी सुमारे ३५ टक्के शाळांतच कॅल्क्युलस शिकविले जात होते. ज्या शाळांत ही संख्या अल्प आहे तेथे हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील इंगलवूडच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारवर दावा लावला तो याच कारणासाठी. राज्याचे विद्यापीठ या विषयांना वाढीव गुण देते आणि राज्याचीच शाळा ते विषय शिकवीत नाही, मग आम्ही स्पर्धा करायची कशी, असा त्यांचा सरळ सवाल होता. जे दुकानात ठेवलेलेच नाही ते विकत घेतले नाही म्हणून गिऱ्हाइकाला कंजूष ठरवावे, तसलाच हा न्याय!

यावर विद्यापीठांचे ठरलेले उत्तर असे की, आम्ही अर्जदाराला त्याच्या शाळेच्या संदर्भात पाहतो. विषय नसेल तर त्याचा दोष विद्यार्थ्याला देत नाही. हे उत्तर प्रामाणिक मानले तरी अपुरे आहे. संदर्भ दोष माफ करू शकतो, गणित शिकवू शकत नाही. आणि ज्याने हा संदर्भ पत्रकातून मांडायचा तो समुपदेशक तरी कोठे मोकळा आहे? एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, अशी त्यांच्याच व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय सरासरी ३८५ होती. श्रीमंत घरे खासगी सल्लागार नेमतात. गरिबाच्या मुलाला विषयनिवडीचा सल्ला मिळतो, तोही घाईघाईत आणि बहुधा उशिरा.

श्रीमंतांची तऱ्हा आणखी पाहण्यासारखी आहे. २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील आठ खासगी शाळांनी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’चे विषय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. क्लिंटन व ओबामा यांच्या मुली जेथे शिकल्या ती सिडवेल फ्रेंड्स त्यांतलीच. त्यांना हे परवडते, कारण त्यांच्या शाळेचे नाव हेच प्रमाणपत्र असते. शिडी त्यांनीच चढून वापरली. आता ती जुनी झाली म्हणतात. शिवाय २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असतानाही वरच्या एक टक्का घरांतील मुले अतिप्रतिष्ठित विद्यापीठांत दाखल होण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हे त्याचे एक ठळक कारण. गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

येथे आपल्याच काही मित्रांशी स्पष्ट बोलले पाहिजे. विषमता दिसली की कठीण विषयच काढून टाका, असे म्हणण्याचा मोह डाव्या विचाराच्या माणसांना होतो. सॅन फ्रान्सिस्कोत तो प्रयोग झाला. २०१४ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांतून आठवीचे बीजगणित काढून नववीत ढकलले गेले. बारावीत कॅल्क्युलस गाठायचे तर बीजगणित आठवीत व्हावे लागते. ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी बाहेर खासगी वर्ग लावले. उच्च गणितातील वांशिक दरी मात्र हटली नाही. अखेर २०२४ मध्ये तो निर्णय फिरवावा लागला. समता म्हणजे सर्वांच्या पानातला घास काढून घेणे नव्हे. कामगाराच्या मुलीला कॅल्क्युलस कठीण जाईल म्हणून ते तिच्यापासून दूर ठेवणे हा दयेच्या वेषातला अवमान आहे.

मग मूळ दुखणे कोठे आहे? ते टंचाईत आहे, आणि ही टंचाई पोसलेली आहे. हार्वर्डकडे २०२४ च्या प्रवेशासाठी ५४ हजार अर्ज आले आणि दोन हजारांहूनही कमी विद्यार्थी निवडले गेले. त्याच वर्षी त्या संस्थेचा निधी ५० अब्ज डॉलरांवर होता. दारे अरुंद ठेवायची आणि दारापाशी चेंगरणाऱ्या मुलांना विषयांची यादी अधिक जड करा म्हणून सांगायचे, हा प्रतिष्ठेचा व्यापार आहे. याच देशात दुसरी वाटही चालून पाहिली गेली आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी संघर्ष केला आणि १९७० पासून शहरातील प्रत्येक हायस्कूल उत्तीर्णाला सिटी विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळू लागली, तीही विनाशुल्क. १९७६ मध्ये शहराच्या आर्थिक संकटाचे निमित्त करून शुल्क लादले गेले. तो प्रयोग गरिबांच्या अपात्रतेने नव्हे, तिजोरीवर हात ठेवून बसलेल्यांनी मोडला.

म्हणून आपली मागणी कठीण अभ्यासाविरुद्ध असू शकत नाही. कठीण विषय प्रत्येक सार्वजनिक शाळेत हवेत, ते शिकविणारे शिक्षक हवेत, त्यांची पायाभरणी लहान इयत्तांपासून हवी, आणि उत्तम सार्वजनिक महाविद्यालयांत जागा मुबलक हव्यात. हे होईपर्यंत सतराव्या वर्षी रात्री जागून विषयांचे ओझे वाहणाऱ्या मुलांची थट्टा करू नये. त्यांच्या कष्टांना आपला आदरच असला पाहिजे. जाब विचारायचा तो ज्यांनी ज्ञानाची शिदोरी कुलपात ठेवली आणि उपाशी राहणाऱ्याला ‘निवड तुझीच होती’ असे बजावले, त्यांना.