साखरखेर्डा ते संभाजीनगर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. १७२४ साली इथे निजाम-उल-मुल्क आणि मुघल सुभेदार मुबारिझ खान यांच्यात लढाई झाली. बाजीराव पेशवे निजामाच्या बाजूने होते. मुबारिझ खान मारला गेला आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा हे नवं नाव मिळालं. लोकांनी मात्र ते स्वीकारलं नाही. गाव आजही साखरखेर्डाच आहे.

औरंगाबादच्या नामांतराचा विषय निघाला की मला हे गाव आठवतं. आमच्या भागातली कितीतरी मुलं शिकायला त्या शहरात जातात. मीही तिथेच इंजिनिअरिंग केलं. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने 'छत्रपती संभाजीनगर' या नावाला मंजुरी दिली, तेव्हा मला वाईट वाटलं. पण ते औरंगजेबासाठी नव्हतं. त्या नावाशी माझं होस्टेल, माझे मित्र, पहिल्या नोकरीचा कॉल जोडलेला होता.

हे सांगायला गेलं की लगेच 'औरंग्याची औलाद' ही शिवी येते. मग आपल्यातला एखादा चिडून औरंगजेबाचा स्टेटस ठेवतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून काय घडलं ते आपण पाहिलं. दुकानं फुटली ती गरिबांची. शिवी देणाऱ्याने आपल्यासाठी जो पूर्वज ठरवला, तो आपणही मुकाट्याने का मान्य करायचा?

हे शहर औरंगजेबाने वसवलेलं नाही. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी गावाच्या जागी ते वसवलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी मुलगा पुढे मुघलांना आयुष्यभर टक्कर देत राहिला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. म्हणजे आमच्या सिंदखेडच्या लेकीचे, जिजाऊंचे पती. मलिक अंबरनंतर त्याच्या मुलाने, फतेह खानाने, शहराला फतेहनगर म्हटलं. औरंगाबाद हे नाव आलं १६५३ मध्ये, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना. म्हणजे नामांतर या शहराला नवं नाही. प्रत्येक सत्तेने आपली पाटी लावली.

संभाजी महाराजांबद्दल आपल्या मनात आदरच असायला हवा. त्यांच्या नावाला विरोध हा आपला मुद्दा कधीच नव्हता. नाव बदलताना एका समाजाला परकं ठरवलं जातं, आक्षेप त्याला आहे. तो शांतपणे, कायद्याच्या चौकटीत मांडायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. काहींनी तो न्यायालयात मांडलाही. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही रेकॉर्डवरचं नाव बदलतो, पण त्याचा आयडी तोच ठेवतो. नाहीतर मागचा सगळा हिशेब तुटतो. या शहराचा आयडी मला नहर-ए-अंबरीत दिसतो. मलिक अंबरने जमिनीखालून आणलेलं ते पाणी पिताना कुणाला धर्म विचारला गेला नाही. आज त्याच शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि आपण पाटीवर भांडतोय.

दोस्तांनो, पुढच्या वेळी वेरूळ-अजिंठ्याला जाल तेव्हा धाकट्या भावंडांना ही नहरही दाखवा. ती कुणी बांधली, ते सांगा. स्टेटस ठेवायचाच असेल, तर तिचा ठेवा.